फीत बांधता येईल तेच बांधा

अभिनंदन. शहराचा कारभार तुमच्या हाती आला. अभिनंदनाचे फोन थांबले, की दाराशी एक माणूस उभा दिसेल. काखेत जाड फाइल, चेहऱ्यावर तुमच्याआधीचे पाच-सहा कारभारी पाहिल्याचा थकवा. हा तुमचा मुख्य अभियंता. तो सांगेल, की शहराची मुख्य जलवाहिनी शंभरीला टेकली आहे, सांधे गळताहेत, ती बदलायला बारा वर्षं लागतील, आणि काम नीट झालं तर कुणाला काही कळणारसुद्धा नाही. हे शेवटचं वाक्य तो अभिमानाने उच्चारेल. त्याचा राग करू नका. त्याला खुर्ची द्या, मान हलवत ऐकून घ्या, फाइल ठेवून घ्या आणि तो गेला की टेबलाच्या हलणाऱ्या पायाखाली ती सरकवा. जाड फाइलीचा एवढा उपयोग तर कुणीच नाकारणार नाही.

साधं गणित आहे. तुमची मुदत चार-पाच वर्षं. बऱ्यापैकी जलवाहिनीचं आयुष्य ऐंशी-शंभर. म्हणजे खणलेले रस्ते, वळवलेली वाहतूक, धुळीने खोकणारे मतदार हे सगळं तुमच्या वाट्याला. आणि पाइप न फुटण्याचं श्रेय तुमच्यानंतरच्या वीस जणांना. शिवाय न फुटलेल्या पाइपचा फोटो काढणार कसा? न्यूयॉर्कने १९७० साली आपल्या तिसऱ्या जलबोगद्याचं काम सुरू केलं. पहिला बोगदा १९१७चा, दुसरा १९३६चा, आणि तिसरा असल्याशिवाय आधीचे दोन बंद करून आत डोकावण्याचीही सोय नाही. अर्धशतक उलटून गेलं, महापौर आले नि गेले, बोगद्याचे काही टप्पे सुरूही झाले, पण काम अजून संपलेलं नाही. ते शेकडो फूट खोल. तिथे समारंभ करायचा तर आधी पाहुण्यांना खाली न्यायच्या पाळण्याची निविदा काढावी लागेल. म्हणून पहिला नियम पाठ करून टाका: ज्याला फीत बांधता येत नाही, ते बांधायचं नाही.

तुम्ही म्हणाल, अहो, पण प्रकल्पांचा प्राधान्यक्रम शास्त्रशुद्ध ठरवावा लागतो. लागतोच. सुरक्षितता, उपयोग, पर्यावरण, खर्च, गरजू वस्त्यांना लाभ असे निकष असतात, प्रत्येकाला भार असतो, सगळ्यांची बेरीज शंभर. भोळी माणसं आधी भार ठरवतात आणि मग प्रकल्पांना गुण देतात. तुम्ही आधी प्रकल्प ठरवा आणि मग असे भार शोधा, की तोच पहिला यावा. ‘शहराची प्रतिमा’ या निकषाला तीस गुण दिले, की नदीवरचा दिव्यांचा पादचारी पूल वर येतो आणि मैलापाणी शुद्धीकरण केंद्र आपोआप एकोणिसाव्या क्रमांकावर जातं. मैलापाण्याला प्रतिमा नसते, त्याला तुम्ही काय करणार? एवढं करूनही ती जलवाहिनी वर आलीच, तर ‘दृश्य परिणाम’ नावाचा नवा निकष घाला. परिणाम दिसलाच पाहिजे, याला विरोध कोण करेल? आणि सगळा तक्ता रंगीत छापा. रंगीत तक्त्यातली बेरीज कुणी तपासत नाही.

अभियंता तरीही हटला नाही आणि पुढच्या पन्नास वर्षांचे फायदे मांडायला लागला, तर अर्थतज्ज्ञाला बोलवा. भविष्यातल्या पैशाची आजची किंमत काढायची, तर वटावाचा एक दर धरावा लागतो. वर्षाला सात टक्के धरले, तर पन्नास वर्षांनंतर वाचणाऱ्या शंभराचे आज साडेतीनसुद्धा भरत नाहीत. दहा टक्के धरले, तर एकही भरत नाही. तीन टक्के धरले तर मात्र तेच जवळपास तेवीस होतात, म्हणून बैठकीत तीन हा आकडा कुणाला उच्चारू देऊ नका. या एका दराच्या जोरावर नातवाच्या घरात छातीपर्यंत चढणारं पाणी तुमच्या अहवालात घोट्याच्याही वर येत नाही. मी पुष्कळ अहवाल चाळलेत. पुलाच्या कमानीवर लोक तासन् तास भांडतात आणि अख्ख्या प्रकल्पाचा निकाल लावणारा हा दर शेवटच्या पानांवरच्या एखाद्या तळटीपेत गुपचूप बसलेला असतो.

मग जमिनीखालचं काम करायचंच नाही का? करायचं की. पण वास आल्यावर. लंडनमध्ये १८४८-४९ आणि १८५३-५४ या दोन साथींत पटकीने हजारो माणसं मेली. शहराची घाण थेम्समध्ये जात होती आणि पिण्याचं पाणीही पुष्कळांना त्याच नदीचं मिळत होतं. १८५५ मध्ये त्यासाठी मंडळ नेमलं गेलं, जोसेफ बॅझलगेट नावाच्या अभियंत्याचे आराखडे तयार होते आणि ते कागद वर्षानुवर्षं इकडून तिकडे फिरत होते. घाण नेमकी कुठे सोडायची आणि पैसे कुणी द्यायचे, एवढ्याच किरकोळ मुद्द्यांवर घोडं अडलं होतं. मग १८५८चा कडक उन्हाळा आला. नदी सडली आणि तिचा वास थेट काठावरच्या संसदेत शिरला. पडदे चुन्याच्या क्लोराइडमध्ये भिजवून पाहिले, रुमाल नाकाला लावून सभासद दालनं सोडू लागले. कायदा अठरा दिवसांत मंजूर झाला! पुढे १३२ किलोमीटरचे मुख्य नाले बांधले गेले आणि त्यांतले बरेच अजून काम करताहेत.

या घटनेतून शहाणी माणसं आरोग्याचा धडा घेतात. तुम्ही वास्तूचा घ्या. हजारोंचे जीव गेले तोवर विषय ‘विचाराधीन’ होता. सभासदांच्या नाकाशी गेल्यावर अठरा दिवस पुरले. म्हणून तुमचं कार्यालय नाल्यापासून लांब, वाऱ्याच्या वरच्या अंगाला असू द्या. वीस वर्षं निवांत जातील.

देखभाल या शब्दापासून तर चार हात दूर राहा. ती चालू अंदाजपत्रकातून, दरवर्षी, रोख करावी लागते. तिला कर्ज कुणी सहसा देत नाही, वरचं सरकार अनुदान देत नाही, आणि झाडू मारलेल्या गटाराच्या उद्घाटनाला बँड वाजत नाही. नवं बांधकाम भांडवली खात्यात जातं. त्याला कर्ज मिळतं, अनुदान मिळतं, कोनशिलेवर नाव मिळतं. तेव्हा चालू अंदाजपत्रकात काटकसर दाखवायची वेळ आली, की सगळ्यात आधी देखभालीवर कात्री चालवा. ती ओरडत नाही. गंजाला आवाज नसतो.

पिट्सबर्गचा फर्न हॉलो पूल याबाबतीत अभ्यासण्यासारखा आहे. सत्तरच्या दशकातला पोलादी पूल, झाडीने भरलेल्या दरीवरचा. त्याचं पोलाद खास जातीचं: वर गंजाचा घट्ट थर धरतं आणि तोच थर चिलखत होऊन आतलं पोलाद वाचवतो. अट एकच, पाणी साचता कामा नये. आणि साचू नये म्हणून पुलाला पाणी वाहून नेणारी तोंडं ठेवलेली होती. त्यांत पालापाचोळा अडकला. पाणी तुंबलं, बर्फावर टाकलेलं मीठ त्यात मिसळलं आणि ते पुलाच्या पायांवर ठिबकत राहिलं. २०११ पासून पुलाचा शेरा ‘खराब’ असाच होता. तपासणारी माणसं पुन्हा पुन्हा जात होती, पुन्हा पुन्हा लिहीत होती: तोंडं साफ करा, पाय गंजताहेत. एक फावडं, एक झाडू आणि दोन माणसं यांच्यापासून सुरू होणारं काम होतं ते. अहवाल नियमाने येत राहिले, नियमाने दाखल होत राहिले. २०१८ मध्ये खालून जाणाऱ्या कुणीतरी पार सडून तुटलेल्या एका तिरक्या दांड्याचा फोटो काढून ट्विटरवर टाकला. मग तो दांडा काढून टाकण्यात आला.

२८ जानेवारी २०२२च्या पहाटे पूल एका बससकट दरीत बसला. आणि योगायोग असा, की त्याच दिवशी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष बायडन पायाभूत सुविधांवर बोलायला त्याच शहरात येणार होते. आले, आणि पडलेला पूल पाहायलाही गेले. एरवी अशा भाषणाला नेपथ्य उभारायला किती खर्च येतो! पुढचं तर याहून बोधप्रद आहे. नवा पूल त्याच वर्षी डिसेंबरमध्ये वाहतुकीला खुला झाला. अकरा वर्षं झाडू मिळाला नाही, अकरा महिन्यांत पूल मिळाला. आता सांगा, पाचोळा काढणारा कारभारी हुशार, की न काढणारा?

त्या पहाटे बर्फ पडला होता, रस्त्यावर गाड्या थोड्या होत्या, दहा जण जखमी झाले आणि कुणी मेलं नाही. ही वेळ मात्र तुम्हाला निवडता येत नाही. इटलीतल्या जेनोवाचा मोरांदी पूल १४ ऑगस्ट २०१८ला भर दिवसा कोसळला. ४३ माणसं गेली. इथे मला पुढचा सल्ला सुचत नाही, म्हणून विषय बदलतो.

खर्चाचा अंदाज. अंदाज हा नेहमी कमी असावा, कारण खरा आकडा ऐकून आजवर कुणीही हात वर केलेला नाही. सॅन फ्रान्सिस्कोचे माजी महापौर विली ब्राउन यांनी २०१३ साली एका लेखात हे उघड लिहून टाकलं: सार्वजनिक कामाचं पहिलं अंदाजपत्रक म्हणजे निव्वळ इसार, खरा खर्च आधी कळला तर काहीच मंजूर होणार नाही, तेव्हा खणायला लागा आणि खड्डा इतका मोठा करा, की तो भरायला पैसे आणण्यावाचून गत्यंतर उरू नये. पद सोडल्यावर लिहिलं, हा त्यांचा विनय. बुडत्याचा पाय खोलात म्हणतात ना, इथे खोल आपणच खणायचं आणि शहराचा पाय आपणच त्यात घालायचा. एकदा निम्मे पैसे मातीत गेले, की विरोधकच म्हणू लागतात, आता एवढं झालंय तर पुरंच करा.

हा काही एकट्यादुकट्याचा किस्सा नाही. संशोधक बेंट फ्लुबियर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वीस देशांतले २५८ वाहतूक प्रकल्प तपासले आणि २००२ मध्ये निष्कर्ष मांडले. दर दहांतल्या नऊ प्रकल्पांचा खर्च अंदाजापेक्षा जास्त. रेल्वेचा सरासरी ४५ टक्क्यांनी, पूल-बोगद्यांचा ३४ टक्क्यांनी, रस्त्यांचा २० टक्क्यांनी. आणि सत्तर वर्षांच्या काळात यात काडीचीही सुधारणा नाही. नुसती चूक असती, तर कधी आकडा जास्त आला असता, कधी कमी. सत्तर वर्षं एकाच बाजूला चुकायला कौशल्य लागतं.

सुरुवात लवकर करा, हेही त्यातच आलं. आधी कळस मग पाया, असं म्हणून आपण लोकांना हसतो. सिडनीने याच्याही पुढची पायरी गाठली: कळस कसा असणार हे कुणालाच ठाऊक नसताना पाया घातला. ऑपेरा हाउसच्या छताचे ते पांढरे शिंपले उभे कसे करायचे, याचं उत्तर १९५९ मध्ये कुणाकडे नव्हतं. पण सरकार बदललं किंवा लोकांचं मन फिरलं तर प्रकल्पच बुडेल, म्हणून त्या वर्षी मार्चमध्ये काम सुरू करण्यात आलं. पुढे छताचा भार ठरल्यावर खालचे खांब पुरेनात आणि ते नव्याने बांधावे लागले. ७० लाख डॉलरचा अंदाज १० कोटी २० लाखांवर गेला, १९६३ची तारीख १९७३वर. पण आज त्या इमारतीला नावं ठेवायची कुणाची छाती आहे? हे उदाहरण खिशात ठेवा. तुमच्या उड्डाणपुलाचा खर्च तिप्पट झाला, की शांतपणे म्हणा, ऑपेरा हाउसच्या वेळीही लोक असंच बोलत होते. तुमचा उड्डाणपूल ऑपेरा हाउस नाही, हे लोकांच्या लक्षात यायला थोडा वेळ लागतो.

फीत मात्र काम संपल्यावरच कापावी, असा माझा जुनाट आग्रह आहे. बर्लिनच्या नव्या विमानतळाचं उद्घाटन जून २०१२ मध्ये ठरलं होतं. चार आठवडेही उरले नसताना ते रद्द झालं, कारण आग लागल्यास धूर बाहेर काढणारी यंत्रणा मान्यतेला उतरली नव्हती. विमानतळ उघडला ३१ ऑक्टोबर २०२०ला, जगभर साथ होती आणि कुणी फारसं उडत नव्हतं, तेव्हा. गर्दीचं नियोजन अगदी चोख पार पडलं म्हणायचं.

उरला पैसा. कर वाढवू नका. तुमच्या हयातीत तर नकोच. कर भरणारा आज जिवंत असतो, त्याला राग येतो आणि तो मतदान करतो. कर्ज फेडणारा अजून जन्माला यायचा असतो. त्याला सभेचं निमंत्रण जात नाही, तो हरकत नोंदवत नाही, आणि तरीही दर अंदाजपत्रकाच्या भाषणात त्याचंच नाव ‘भावी पिढ्या’ म्हणून आदराने घेतलं जातं. इतका सोशिक सावकार-ग्राहक संबंध दुसरीकडे कुठे सापडेल?

यामागचं मूळ तत्त्व वाईट नाही, हे आधी मान्य करतो. जी वस्तू ऐंशी वर्षं चालणार, तिचा भार एकाच वर्षाच्या करदात्यांवर टाकणं अन्यायाचं. कर्ज काढावं आणि जे वापरतील त्यांनी हप्त्याहप्त्याने फेडावं. फक्त कर्जाची मुदत वस्तूच्या आयुष्यापेक्षा कमी ठेवावी लागते. आता ही अट तेवढी गाळा. पंधरा वर्षं टिकणाऱ्या डांबरासाठी तीस वर्षांचे रोखे काढले, की रस्ता दोनदा उखडतो आणि हप्ता एकाच चिकाटीने चालू राहतो. त्याहून हिंमत असेल, तर रोजचा खर्चही भांडवली खात्यात घाला. न्यूयॉर्कने साठ-सत्तरच्या दशकांत हे करून पाहिलं. १९७५ मध्ये शहराला कर्ज मिळेनासं झालं आणि ज्या सेकंड अव्हेन्यू भुयारी रेल्वेचं खोदकाम १९७२ मध्ये वाजतगाजत सुरू झालं होतं, ते थांबलं. ती रेल्वे १९२० पासून कागदावर होती. पहिली तीन नवी स्थानकं १ जानेवारी २०१७ला उघडली. बाकीच्या लांबीवर पुढच्या महापौरांच्या हक्काच्या फिती अजून शिल्लक आहेत.

माँट्रियलचे महापौर जाँ द्रापो १९७६च्या ऑलिंपिकआधी म्हणाले होते, पुरुषाला मूल होईल तेव्हाच ऑलिंपिकला तूट येईल. तूट आली. एका व्यंगचित्रकाराने महापौरांना गरोदर काढलं. स्टेडियमचा मनोरा खेळांपर्यंत पुरा झाला नव्हता, तो १९८७ मध्ये झाला; आणि कर्ज फिटलं २००६ मध्ये, मुख्यतः तंबाखूवरच्या खास करातून. म्हणजे स्पर्धेच्या वर्षी जन्मलेलं बाळ तिशीला आलं आणि दरम्यान सिगारेट ओढायला लागलं असेल, तर ती धावपट्टी थोडीफार त्यानेच फेडली. गोल आकारामुळे स्टेडियमला ‘बिग ओ’ म्हणत. इंग्रजीत त्याच उच्चाराचा दुसरा अर्थ ‘मोठं देणं’ असा होतो, आणि लोकांनी तोच पक्का केला.

कर्जाची लाज वाटत असेल, तर विका. शिकागोने डिसेंबर २००८ मध्ये आपले सुमारे ३६ हजार पार्किंग मीटर खासगी गुंतवणूकदारांना ७५ वर्षांसाठी देऊन टाकले. मिळाले १ अब्ज १५ कोटी डॉलर. करार नगरसभेपुढे आला आणि दोन-तीन दिवसांत ४० विरुद्ध ५ मतांनी मंजूर झाला. पाऊणशे वर्षांचा व्यवहार, आणि विचाराला एक शनिवार-रविवारसुद्धा नाही! पुढच्याच वर्षी शहराच्या महानिरीक्षकांनी हिशेब मांडला, की किमान ९७ कोटी ४० लाख डॉलर कमी आले. आलेल्या पैशांतला बहुतेक भाग दोनेक वर्षांत अंदाजपत्रकाची भोकं बुजवण्यात संपला. आता मिरवणुकीसाठी किंवा दुरुस्तीसाठी रस्ता बंद ठेवला आणि मीटरचं उत्पन्न बुडालं, तर शहरालाच भरपाई द्यावी लागते. स्वतःच्या रस्त्यावर स्वतः खणायचं आणि वर भाडं भरायचं. ज्यांनी हात वर केले, त्यांच्यापैकी मीटर परत येताना पाहायला कोण असेल, हे ज्याने त्याने आपलं वय मोजून ठरवावं.

तुमची मुदतही अशीच संपेल. निरोपाच्या दिवशी अभियंता भेटायला येईल. त्याचीही निवृत्ती जवळ आलेली असेल. जलवाहिनीचं काय झालं, असं तो विचारणार नाही. खोली आवरताना तसबिरी न्या, फितीची कात्री न्या, सत्काराच्या शाली न्या. टेबलाखालची फाइल मात्र काढू नका. तुमच्या कारकिर्दीत पायाशी घातलेली आणि अजून भार पेलणारी तेवढी एकच गोष्ट आहे. काढलीत, तर टेबल पुन्हा हलायला लागेल.